ब्राँटे बहिणींचे चुकलेले दगड

सप्टेंबर २०२४मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत एका पाथरवटाने भिंतीवरच्या फलकात सहा टिंबं कोरली आणि तिथल्या जतनकाम करणाऱ्या कारागिराने ती रंगवली. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या एकोणिसाव्या शतकातल्या तीन इंग्रज लेखिकांचा, ब्राँटे बहिणींचा हा फलक. ‘पोएट्स कॉर्नर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोपऱ्यात तो ८ ऑक्टोबर १९३९ रोजी लागला. महायुद्ध सुरू होऊन महिनाच झाला होता, त्यामुळे समारंभ राहिला तो थेट १९४७ला झाला. ब्राँटे या आडनावातल्या शेवटच्या रोमन ‘ई’च्या डोक्यावर दोन टिंबं असतात, आणि तीनही नावांत ती द्यायची राहून गेली होती. तीन दुणे सहा. दुरुस्तीला पंच्याऐंशी वर्षं लागली.

एवढ्याशा टिंबांचं काय, असं वाटू शकतं. पण या घराण्याच्या देवळातल्या आणि थडग्यांवरच्या दगडांचा इतिहास पाहिला की लक्षात येतं, अ‍ॅबीतली चूक ही त्यातली सगळ्यात सौम्य. त्यांच्या गावच्या, हॉवर्थच्या, चर्चमधल्या फलकावर जागा पुरली नाही. समुद्रकाठच्या स्कारबरोला अ‍ॅनचं थडगं आहे, त्याच्या दगडावर एकदम पाच चुका निघाल्या. एकट्या अ‍ॅनचं वय दोन दगडांवर दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं आणि दोन्ही चुकीचं. १८४७ साली या तिघींच्या कादंबऱ्या आल्या त्या करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी. खरी नावं दगडावर यायची वेळ आली, तर तीही धड आली नाहीत.

दगडावर अक्षर कसं येतं ते आधी पाहू, म्हणजे चुका कुठे शिरतात ते कळेल. मजकूर पहिल्यांदा कागदावर पूर्ण मापात आखतात. दोन अक्षरांतलं अंतर पट्टीने मोजून भागत नाही. दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या की जागा जास्त सोडायची, ‘ओ’सारखी गोल अक्षरं शेजारी आली की ती जवळ घ्यायची, तेव्हा कुठे ओळ डोळ्याला सारखी दिसते. आखणी पसंत पडली की ती दगडावर उतरवतात. मग छिन्नी आणि जड, गोल डोक्याची लहान हातोडी. आधी अक्षराच्या रेषेच्या मधोमध एक चर मारून घ्यायची, नंतर दोन्ही कडांपासून तिरपी छिन्नी चालवत त्या चरीपर्यंत उतरायचं. खाच इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची होते. उन्हात असं अक्षर स्वतःच्या सावलीवर वाचता येतं, रंग लागत नाही. चर्चच्या आत मात्र उजेड मंद आणि चहूबाजूंनी सारखा पसरलेला, त्यामुळे सावली पडत नाही आणि खाच रंगवावी लागते. चुनखडीचा दगड रंग पितो, म्हणून आधी लाखेचा हात देतात. तो दिला नाही तर रंग कडेने फुटतो आणि अक्षर शाई पसरल्यासारखं दिसतं. अ‍ॅबीतल्या टिंबांना पाथरवटानंतर रंगवणारा लागला तो यासाठीच.

आता टिंबं का गळतात? फलकावरची नावं बहुधा मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत असतात. सगळी अक्षरं एका उंचीची, दोन ओळींत ठरावीक पट्टी मोकळी. त्या ‘ई’च्या डोक्यावर टिंबं द्यायची तर ती या मोकळ्या पट्टीत घुसतात, आणि वरच्या ओळीत नेमकं तिथेच लांब शेपटाचं अक्षर किंवा आकडा असला तर दोन्ही एकमेकांना भिडतात. ओळी थोड्या सैल कराव्या लागतात, ओळी सैल केल्या की फलक उंच होतो, फलक उंच झाला की खर्च वाढतो. शिवाय इंग्रजी छापखान्यांत आणि पाथरवटांत मोठ्या अक्षरांवरची चिन्हं टाळायची जुनी सवय आहेच. एक मात्र खरं की राहून गेलेल्या खुणांमध्ये टिंब ही दुरुस्तीला सगळ्यात सोपी खूण. मोकळ्या दगडात दोन खळगे करायचे, झालं. पंच्याऐंशी वर्षं कुणी करू नये इतकं अवघड त्यात काही नव्हतं.

ती टिंबं मुळात आली वडिलांकडून. पॅट्रिक ब्राँटे आयर्लंडमधल्या गरीब घरातले. त्यांचं घराणं ब्रंटी किंवा प्रंटी म्हणवून घ्यायचं. १८०२ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि तिथे आडनाव बदललं. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनला सिसिलीतल्या ब्राँटेची जहागीर १७९९ला मिळालेली होती, त्याचा प्रभाव असावा असं मानतात. टिंबांचं काम एवढंच, की शेवटचा ‘ई’ मुका नाही, त्याचा उच्चार करायचा. आडनावाच्या इंग्रजी रूपाला एखाद्या थोर नावाचा साज चढवण्याची हौस आपल्याकडेही अनोळखी नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांच्यावरून घेतलं असं सांगितलं जातं. गंमत अशी की या थॅकरेंचंही स्मारक त्याच अ‍ॅबीत आहे. त्यांच्याकडे पुढे येऊच.

हॉवर्थ हे यॉर्कशरमधलं टेकडीवरचं गाव. पॅट्रिक तिथे धर्मगुरू होते. घरासमोरच चर्च, मध्ये दफनभूमी. चर्चच्या भिंतीवर कुटुंबाचा स्मृतिफलक होता आणि शार्लटच्या चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७च्या चरित्रात त्याचा मजकूर उतरवून दिला आहे. त्यांचं निरीक्षण मोठं बारीक आहे. वरच्या ओळी ऐसपैस, मागे राहिलेल्यांसाठी जागा ठेवायची आहे याचा विचार न करता कोरलेल्या. खाली खाली ओळी दाटत जातात, अक्षरं बारीक होतात, आणि अ‍ॅनच्या नावानंतर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही.

हिशेब करून पाहिला तर हे कसं होतं ते दिसतं. समजा फलक ९० सेंटिमीटर उंच आहे आणि अक्षरं अडीच सेंटिमीटरची. दोन ओळींत पावणेदोन-दोन सेंटिमीटर सोडायचे, वर-खाली सहा-सहा सेंटिमीटर कोरी कड. हाती राहतात जेमतेम सतरा-अठरा ओळी. त्या काळची लिहिण्याची पद्धत पाल्हाळाची: अमुक यांच्या स्मृत्यर्थ, तमुक पाळकांची कन्या, या तारखेला, वयाच्या इतक्याव्या वर्षी, वर बायबलमधलं एखादं वचन. एका माणसाला चार ओळी धरल्या तर चौथ्या-पाचव्या नावाशी फलक संपतो. हॉवर्थच्या फलकावर सहा नावं होती. आई १८२१ला गेली. मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या मुली १८२५ला दीड महिन्याच्या आत गेल्या. मग तेवीस वर्षांची उसंत. आणि सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या आठ महिन्यांत भाऊ ब्रॅनवेल, एमिली, अ‍ॅन. जाणकार पाथरवट घरच्यांना अडवून सांगतो की खालचा निम्मा भाग कोरा ठेवा. पण पहिल्या दुःखाच्या वेळी, शेजारी सहा पोरं खेळत असताना, त्यांच्यासाठी किती ओळी राखायच्या हे त्या बापाला विचारणार कोण?

गॅस्केलबाईंनी उतरवलेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट सापडते. पहिल्या तिघींची वयं ‘वयाच्या इतक्याव्या वर्षी’ अशी लिहिली आहेत. आई एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे पुरी अडतीस. मारिया बाराव्या, एलिझाबेथ अकराव्या. तिन्ही बरोबर. नंतरच्या तिघांना लेखनाची पद्धत बदलली आणि पुऱ्या झालेल्या वर्षांचा आकडा दिला. ब्रॅनवेल ३०, एमिली २९, अ‍ॅन २७. प्रत्यक्षात ती होती ३१, ३० आणि २९. तिन्ही चूक. घरात पाठोपाठ मृत्यू होत असताना तोंडी सांगितलेला मजकूर, कच्चा खर्डा कुणी दुसऱ्यांदा वाचलेला नाही, असंच हे दिसतं. आजही दगडाचं काम देणाऱ्याला अनुभवी माणूस हेच सांगतो: वय लिहूच नका, जन्माची आणि मृत्यूची तारीख लिहा. वजाबाकी वाचणारा करेल, आणि तारखा दाखल्यावरून पडताळता येतात. अ‍ॅबीतल्या फलकावर नावापुढे फक्त जन्म-मृत्यूची सालं आहेत आणि खाली एमिलीच्या कवितेतले, सोसण्याच्या धैर्याबद्दलचे चारच शब्द. नमुना म्हणून तो फलक उत्तम आहे. टिंबांचं सोडून.

हॉवर्थला दगड हा नुसता स्मृतीचा विषय नव्हता, तो तब्येतीचाही होता. पॅट्रिक यांनी गावाच्या पाण्याबद्दल सरकारकडे तगादा लावला आणि १८५० साली बेंजामिन हर्शेल बॅबेज या निरीक्षकाचा अहवाल आला. गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेज यांचा हा मुलगा. गावातलं मरणाच्या वेळचं सरासरी वय त्याने काढलं ते २५.८ वर्षं. एकेचाळीस टक्क्यांहून अधिक मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत जात होती. दफनभूमी टेकडीच्या वरच्या अंगाला आणि गच्च भरलेली. शिवाय थडग्यांवर लांबरुंद सपाट शिळा आडव्या टाकायची तिथली रीत. शिळेखाली हवा जात नाही, वर गवत-झाड उगवत नाही, मग खालचं कुजण्याचं काम रखडतं. बॅबेजने या सपाट शिळांवर स्पष्ट नापसंती नोंदवली आहे. आज तिथे जी उंच झाडं दिसतात ती १८६०च्या दशकात लावलेली, ब्राँटे बहिणींनी ती पाहिलेली नाहीत. पर्यटकांना ती झाडीच फार ‘ब्राँटेमय’ वाटते, हे जाता जाता.

अ‍ॅनचं थडगं हॉवर्थला नाही. क्षयाने खंगलेली अ‍ॅन समुद्राची हवा मानवेल म्हणून स्कारबरोला गेली आणि तीन दिवसांत, २८ मे १८४९ला वारली. शार्लटने तिला तिथेच पुरायचं ठरवलं. सेंट मेरीज चर्चचं बांधकाम चालू होतं म्हणून अंत्यविधी दुसऱ्या चर्चमध्ये झाला आणि दफन सेंट मेरीजच्या आवारात. दगडाचं काम सांगून शार्लट परतली. दगड तिने पाहिला तो तीन वर्षांनी, जून १८५२मध्ये. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती कोरडेपणाने कळवते की दगडाचा दर्शनी भाग नव्याने करून अक्षरं पुन्हा कोरायला हवीत, पाच चुका आहेत, आणि मी तशा सूचना दिल्या आहेत.

दर्शनी भाग नव्याने करणं म्हणजे सगळ्यात खोल अक्षराच्या तळापर्यंत पूर्ण पृष्ठभाग तासून काढणं. खाच पाच मिलिमीटर खोल असेल तर सहा मिलिमीटर दगड जातो, कारण खाचेचा माग अजिबात राहता कामा नये. कडेला नक्षी किंवा वर उठावाचं काम असेल तर मजकुराचा चौकोन तेवढाच खोलगट करतात, मग कडा सावरून घ्याव्या लागतात. एकच आकडा चुकला असेल तर दोन उपाय. तेवढा चौकोन कापून त्याच खाणीच्या दगडाचा तुकडा बसवायचा, किंवा दगडाची भुकटी आणि चिकटद्रव्य यांचा लुकण भरून वर नवा आकडा कोरायचा. लुकण पहिली दोन वर्षं बेमालूम दिसतो. नंतर भोवतालचा दगड काळवंडतो, लुकण तेवढा काळवंडत नाही, आणि चूक पुन्हा उघडी पडते, पहिल्यापेक्षा ठळक. म्हणून इंग्रजी 8चा 9 करणं हे टिंब देण्यापेक्षा किती तरी कठीण. 8चं खालचं पोट डावीकडे बंद असतं, ते उघडायचं तर दगड घालावा लागतो. आणि दगडाच्या कामात काढता येतं, घालता येत नाही.

शार्लटने चुका काढल्या, अक्षरं नवी झाली, आणि तरीही दगडावर अ‍ॅनचं वय २८ आहे. पाच चुका शोधणाऱ्या सख्ख्या बहिणीच्या नजरेतून सहावी सुटली. छापखान्यात मुद्रितं वाचणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. मोठ्या ढोबळ चुका सापडल्या की डोळा समाधानी होतो आणि पुढचं वाचत नाही. उपाय जुनाच आहे: मजकूर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने दाखला हातात धरून पडताळायचा, आकडे उलट्या क्रमाने.

काढण्याच्या कामाचं खुसखुशीत उदाहरण थॅकरेंचं. ते डिसेंबर १८६३मध्ये गेले, दफन लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत झालं, अ‍ॅबीत मारोकेटी या शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी अर्धपुतळा बसला. त्यांच्या लेकीला पुतळ्याचे कल्ले फारच लांब वाटत राहिले. पुढे किती तरी वर्षांनी तिने ऑन्स्लो फोर्ड या दुसऱ्या शिल्पकाराकडून ते आखूड करून घेतले. संगमरवरात ही हजामत जमते, कारण केस उठावात असतात, खाली गाल शिल्लक असतो. खाच असती तर जमली नसती.

हॉवर्थला परत येऊ. १८५५ला शार्लट गेली तेव्हा भरलेल्या फलकाच्या खाली तिच्यासाठी वेगळा फलक लावावा लागला. १८५८ला कुटुंबातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं एकत्र घेऊन नवा संगमरवरी फलक करण्यात आला. १८६१ला पॅट्रिकही गेले. जागेचा प्रश्न सुटला तो असा, आता लिहिण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. १८७९ला बुरूज तेवढा ठेवून जुनं चर्च पाडलं. गावात आणि बाहेरही विरोध झाला, पण पाडलं. आजचं चर्च १८८१चं. ब्राँटेंचं तळघरातलं थडगं जमिनीखाली जागच्या जागी राहिलं, आणि त्याची जागा कळावी म्हणून १८८२ला फरशीत पितळी पट्टी बसवली, एमिली आणि शार्लट यांच्या नावाची. १९६४पासून तिथे छोटं ब्राँटे चॅपलही आहे. रंगीत काचेची एक खिडकी शार्लटच्या आठवणीसाठी आहे, देणाऱ्याने स्वतःचं नाव न देता फक्त ‘एक अमेरिकी नागरिक’ म्हटलं. पितळ आणि काच यांचा एक फायदा, चुकलं तर आख्खा तुकडा बदलता येतो.

पितळी पट्टीत कोरलेल्या खाचांत काळा मेणासारखा मसाला भरतात. पट्टी रोज चकाकवली की आधी मसाला निघतो आणि मग खाचच झिजते. पितळ पायांखाली जितकी झिजते त्यापेक्षा पॉलिशने जास्त झिजते. भिंतीवरच्या संगमरवराचं दुखणं वेगळं. जुने फलक लोखंडी आकड्यांवर टांगलेले असत. भिंतीतल्या ओलीने लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून रेटा देऊन फलकाचा कोपरा उडवतो. कोपऱ्यापाशी तांबूस डाग दिसला की समजावं. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये कंपनी सरकारच्या काळातले असे संगमरवरी फलक भिंतीभर आहेत. तिथे वर पावसाळ्याची ओलही असते. आता आकडे स्टेनलेस स्टीलचे किंवा काशाचे घालतात, मागे चुन्याचा मसाला आणि हवा खेळायला फट ठेवतात.

इंग्लंडच्या चर्चमध्ये असं काही लावायचं तर नुसत्या पाळकाच्या होकारावर भागत नाही. आतल्या भिंतीला हात लावायचा असेल तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याचा परवाना काढावा लागतो, त्याला ‘फॅकल्टी’ म्हणतात. आधी सल्लागार समिती, आराखडा, मजकुराचा शब्दन्‌शब्द, मग हरकतींसाठी नोटीस. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी यातून सुटते, कारण ती थेट राजघराण्याच्या अखत्यारीत आहे. तिथे डीनचा, म्हणजे अ‍ॅबीच्या प्रमुख धर्मगुरूंचा, शब्द चालतो. डीनच्या कानावर गोष्ट गेल्यावर टिंबं पटकन आली ती म्हणून.

स्कारबरोचा दगड कुणी पुन्हा तासला नाही आणि ते योग्यच झालं. शार्लटच्या सूचनेवरून झालेली अक्षरं हीच आता मूळ, ती काढून बरोबर आकडा लिहिणं म्हणजे तिचा दगड घालवणं. ब्राँटे सोसायटीने २०११ला थडग्याच्या पायाशी वेगळी पाटी बसवली. तिच्यावर झिजत चाललेला मूळ मजकूर दिला आहे आणि खरं वय २९ असल्याचं स्पष्ट केलं आहे. झीज समजण्यासारखी आहे. टेकडीवर किल्ल्याच्या खाली समुद्राचा खारा वारा. वाळूचा दगड मुळात थरांचा, खाणीत ते थर आडवे असतात. थडग्यासाठी पातळ फळी थराला समांतर काढून उभी रोवली की थर भिंतीसारखे उभे राहतात, त्यांत पाणी आणि मीठ शिरतं आणि दर्शनी पापुद्रा अक्षरांसकट सुटून येतो.

हा दगड पाहायला जाणाऱ्याने वाळूचं घड्याळ म्हणून त्याच्याकडे पाहावं असं नाही, पण काही पथ्यं पाळावीत. थडगं मुख्य आवारात नाही, रस्त्यापलीकडच्या तुकड्यात, गाड्या लावायच्या जागेला लागून आहे. अक्षरं वाचायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन हवं. ढगाळ असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारावी, समोरून मारली तर काहीच दिसत नाही. अक्षरांत खडू घासू नये, दाढीचा फेस चोपडू नये. फेसातली रसायनं धुतल्यावरही छिद्रांत राहतात. शेवाळ तारेच्या ब्रशने काढलं की शेवाळाबरोबर अक्षराची कड जाते. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि तेही दगड टकटक करून पोकळ वाजत नसेल तरच. पोकळ वाजला तर पापुद्रा सुटलेला आहे, तिथे पाणीसुद्धा लावू नये.